मडमबाईचा हिरवा दोरा

अण्णांचा हात तिसऱ्या फळीकडं गेला आणि माझ्या हातातला कापूस तसाच राहिला.

“आहे की, तयार आहे! दिवाळीच्या आधीच झालीय,” अण्णा सांगत होते. “मीच म्हणत होतो, कंडक्टरसाहेब न्यायला कसे येईनात.”

काउंटरपलीकडं नलवडे उभे होते. मिरज डेपोचे कंडक्टर. अंगात खाकी, पण वरचं बटण तुटलेलं आणि दाढी आठ दिवसांची.

“कल्याणीची आई गेली, अण्णा,” ते म्हणाले. “संक्रांतीच्या आधी चार दिवस. त्या गडबडीत बाहुली राहूनच गेली.”

अण्णांचा हात जागच्या जागी थांबला. मी कोपऱ्यात बसून एका अस्वलाच्या पोटात कापूस कोंबत होते. माणसाची बायको गेल्याचं ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय यावं? तर, बरं झालं, अण्णांचा हात थांबला. खोटं कशाला सांगू, हेच आलं.

“आज पोरीला नागपूरला पाठवतोय. तिची मावशी आलीय न्यायला,” नलवडे बोलत होते. “माझी ड्यूटी ही अशी. आज जतला मुक्काम, उद्या विजापूर. सात वर्षांची पोर कुणाच्या भरवशावर ठेवू? साडेचारची गाडी आहे. आणि ती म्हणते, मडमबाई असली तरच गाडीत बसणार. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही तिच्या.”

मडमबाई म्हणजे ती बाहुली. राखाडी डोळ्यांची होती, म्हणून पोरीनं नाव ठेवलं मडमबाई.

“अरेरे,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा फळीकडं वळले. मडमबाईच्या जागी मी एक पत्र्याचं माकड सरकवून ठेवलं होतं. अण्णांनी माकड उचललं, मागं बघितलं, परत ठेवलं. “शाले, मडमबाई कुठाय गं?”

“मी खाली घेतलीय, अण्णा. जरा पापणी सुटली होती, तेवढं काम राहिलंय.” इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. “तुम्ही परत हेलपाटा घालू नका, दादा. मी स्वतः चार वाजता स्टेशनवर आणून देते.”

“नक्की ना, ताई? नाहीतर पोर ऐकायची नाही हो.”

“नक्की म्हणजे नक्की.”

ते गेले. अण्णांनी दुकानाचं एक दार ओढून घेतलं आणि स्टूल माझ्यासमोर मांडून बसले.

“आता सांग. काय केलंस?”

काय केलं ते सांगायचं तर आधी आमच्या दुकानाची रीत सांगायला पाहिजे. आम्ही जिनगर. पणजोबा मिरजेच्या संस्थानात घोड्यांची खोगिरं शिवायचे. संस्थान गेलं, खरे घोडे गेले, मग आजोबांनी लाकडी घोड्यांना हात घातला. घोड्यांपाठोपाठ बाहुल्या आल्या, आणि आजोबांनी गमतीनं पाटी रंगवली, ‘बाहुल्यांचा दवाखाना’. गंमत गंमत म्हणता तीन पिढ्या त्याच पाटीखाली पोटाला खाल्लं आम्ही. मी तेव्हा तेवीस वर्षांची. लग्नाची स्थळं येत होती, जात होती. मला त्याचं काही नव्हतं. मला त्या दुकानाच्या गादीवर बसायचं होतं.

तर रीत अशी. दुरुस्तीला आलेल्या बाहुलीच्या डाव्या मनगटाला दोरा बांधायचा. दर गुढीपाडव्याला रीळ बदलायचं, दर वर्षाचा रंग वेगळा. दोऱ्याकडं बघितलं की बाहुली कुठल्या साली आली ते कळतं. न्यायला आलेल्या पोराच्या हातात कात्री द्यायची आणि त्याच्याकडूनच दोरा कापून घ्यायचा, म्हणजे पेशंट बरा होऊन घरी गेला. दोन पाडवे उलटले तरी ज्या बाहुलीला कुणी न्यायला येत नाही, तिला मात्र उघडायचं. तिचे डोळे, हातपाय, केस दुसरीच्या कामाला येतात. पण तिचा दोरा टाकायचा नाही. गाठ राखून कापायचा आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. मालक कधीकाळी आलाच तर निदान दोरा तरी दाखवता यावा. आणि उघडायची ती फक्त अण्णांनी. तेही हात जोडून.

त्या साली दोरा पिवळा होता. त्याच्या आधी लाल, त्याच्या आधी हिरवा. आणि मडमबाईच्या मनगटाला हिरवा दोरा होता.

“आठल्येबाईंच्या बाहुलीसाठी काढले,” मी म्हणाले. “डोळे.”

अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला.

“तुम्ही इचलकरंजीला दादाकडं गेला होता तेव्हा. बाई रोज येऊन बसायच्या. राखाडीच डोळे पाहिजेत, विलायती, पूर्वीसारखे. मी म्हटलं बघते, तर म्हणाल्या, तू राहू दे, तुला काय कळतंय, वडील आले की येते. माझं डोकंच फिरलं, अण्णा. वर बघितलं तर मडमबाई. हिरवा दोरा. म्हटलं, दोन पाडवे उलटलेत की.”

“कात्री कुणाची घेतलीस?”

“तुमची.”

“कुठाय ती?”

टेबलाखालच्या टोपलीतून मी मडमबाई काढली. डोळ्यांच्या जागी दोन भोकं. अण्णांनी तिला मांडीवर घेतलं, उताणी केली, आणि तिच्या उजव्या पायातला लोकरीचा मोजा खाली सरकवला. घोट्याला पिवळा दोरा होता. आमची खोगिराची चपटी गाठ मारलेला.

मी खाली वाकून तो दोरा बोटानं चाचपला.

“आश्विनात आणली त्यानं,” अण्णा म्हणाले. “बायको दवाखान्यात होती तेव्हा. पोर सोबत होती. तू मामाकडं गेलेलीस. पोर म्हणाली, मनगटाला हात लावायचा नाही, तिथं तिची बांगडी आहे. दोन-अडीच वर्षांपूर्वी बाहुली पहिल्यांदा आली होती, हात बसवायला. त्या वेळी पोरीनं दोरा कापूच दिला नव्हता. बांगडी म्हणून तसाच ठेवला. मी म्हटलं असू दे, आणि पिवळा पायात बांधला.”

“मला सांगायचं तरी!”

“तुला कात्री लावू नको एवढं सांगितलं होतं. ते पुरे वाटलं मला.”

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. साडेदहा वाजत आले होते. डब्यात काळे डोळे होते, तपकिरी होते, मुंबईहून आलेले नवे कोरे. राखाडी एक नव्हता.

“काळे बसवू का?” मी विचारलं. “पोरीला काय कळणार?”

अण्णांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी चपला पायात घातल्या.

आठल्येबाई ब्राह्मणपुरीत राहायच्या. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नाही, आणि अख्ख्या मिरजेला आपल्या वर्गात बसवल्यासारख्या बोलायच्या. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात भाजी निवडायची सुरी होती. मागं खिडकीशी, खुर्चीत त्यांची बाहुली बसवलेली. नीट चापूनचोपून नेसवलेलं परकर-पोलकं. आणि मडमबाईचे डोळे.

“काय गं? पैसे तर दिलेत मी.”

“तसं नाही, बाई. त्या डोळ्यांत जरा खोट निघालीय. कंपनीची. बदलून देते, दोन दिवसांत.”

“कुठली कंपनी?”

“मुंबईची.”

“जुन्या बाहुलीचे आहेत म्हणाली होतीस. आता कंपनी कुठून आली?” त्यांनी सुरी खाली ठेवली. “इथं बस. आणि पहिल्यापासून सांग. खरं सांगितलंस तर देईन कदाचित. पुन्हा थाप मारलीस तर जिन्यावरून खाली घालीन.”

मी बसले आणि सगळं सांगितलं. नलवडे, पोरीची आई, साडेचारची गाडी, हिरवा दोरा, पिवळा दोरा. मध्येच रडायला लागले. बाई ढिम्म. माझं संपल्यावर त्यांनी उठून बाहुली आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“काढ.”

“इथंच?”

“मग काय मुहूर्त बघतेस? माझी ही बाहत्तर वर्षांची झाली. तिला आता काय बघायचं राहिलंय?” असं म्हणाल्या खऱ्या, पण मी मुंडकं फिरवून काढलं तेव्हा त्या आत गेल्या, आणि भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

बाहुलीच्या उघडझाप डोळ्यांचं सांगायचं तर दोन्ही डोळे एका तारेच्या चौकटीवर असतात आणि मधोमध शिशाचं वजन लोंबतं. बाहुली आडवी केली की वजन मागं जातं आणि पापणी मिटते. ती चौकट डोक्याच्या आत दोन जागी दोऱ्यानं बांधायची आणि वर सरसाचा थेंब सोडायचा. सरस फुटला तर निघतो, पण सावकाश. घाई केली की तार वाकते, आणि एकदा वाकलेली तार कधीच पहिल्यासारखी होत नाही. चिमटा दोनदा निसटला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले, सव्वाबारा झाले. पावणेएकला चौकट सुटून हातात आली. सरळ होती.

दारात बाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. “खा. चक्कर येऊन पडशील. आणि ऐक, माझ्या हिला काळे बसव. आता मिरजेचीच दिसू दे.”

दुकानात आले तर अण्णांनी सरस तापवून ठेवलेला. मडमबाई पुसून, केस विंचरून तयार. मी चौकट आत धरली, पांढऱ्या रिळाचा दोरा घेतला, डावीकडं आवळला, उजवीकडं आवळला. आडवी केली. एक डोळा मिटला, एक अर्धाच. परत सोडलं. पुन्हा बांधलं. दोन वाजून गेले. पुन्हा एकच मिटला.

“वजन डावीकडं ओढतंय,” अण्णा म्हणाले. “दोरा ढिला घे. डोळा आवळून बसवला तर मिटणार कसा?”

तिसऱ्यांदा दोन्ही मिटले. सरस वाळायला अर्धा तास पाहिजे होता. त्या अर्ध्या तासात मी पंचवीस वेळा हात लावून बघितला असेल. वाळला नसताना डोकं बसवलं असतं तर प्रवासात चौकट सुटली असती, आणि पोरीला अर्ध्या वाटेत डोळा आत गेलेली बाहुली दिसली असती. ते चित्र डोळ्यासमोरून हलेना. साडेतीनला डोकं बसवलं, सायकल काढली आणि मडमबाईला टॉवेलात गुंडाळून पुढच्या टोपलीत ठेवलं. मार्केटात बैलगाडी आडवी आली तेव्हा तिच्या मालकाला मी जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी स्टेशनात शिरले. गाडी लागलेली. बाकड्यावर मावशी बसलेली, पायाशी पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेवर ती पोर. दोन वेण्या, एक सुटलेली. नलवडे तिच्यापुढं उकिडवे बसून केळं सोलून धरत होते आणि ती तोंड फिरवत होती.

“आली बघ! आली तुझी मडमबाई!” नलवडे ओरडलेच.

पोर उठली. माझ्या हातातून तिनं बाहुली घेतली. आधी मिठी मारेल असं मला वाटलं होतं. पण तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरसारखं एकेक बघायला सुरुवात केली. पाय हलवून बघितला. आडवी केली, डोळे मिटले. उभी केली, उघडले. मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची.

मग तिनं डाव्या हाताची बाही वर केली.

“हिचा दोरा कुठाय?”

मी टॉवेलाची घडी घालायला लागले.

“हिरवा होता. इथं.”

“अगं, तो दुकानातला दोरा,” नलवडे म्हणाले. “तो काढायचाच असतो.”

“दुकानातला तुटला कधीच!” ती बापावरच खेकसली. “तो न्हाणीत तुटला. मी रडले तेव्हा आईनं दुसरा बांधला. आईच्या साडीच्या फॉलचं रीळ होतं. तुम्ही ड्यूटीवर होता, तुम्हाला काय माहीत?”

नलवडे खाली बघायला लागले. मावशीनं पदर तोंडाला लावला. आणि पोर माझ्याकडं बघत राहिली. रडत नव्हती. रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं. ती नुसती वाट बघत होती, मी काय सांगते त्याची.

मी तो दोरा कसा कापला ते मला चांगलं आठवत होतं. चोरीचं काम, म्हणून डब्यात टाकला नव्हता. डब्यात टाकला असता तर अण्णांना कळलं असतं. टेबलावरून हातानं झाडून खाली पाडला होता, कापसाच्या कचऱ्यात. सकाळी आठल्येबाईंपुढं खरं बोलले होते आणि जिन्यावरून कुणी खाली घातलं नव्हतं. एवढी ताजी शिकवण. तरी तोंड उघडलं आणि म्हणाले,

“आत आहे, बाळा.”

“आत कुठं?”

“डोक्यात. हिचे डोळे सैल झाले होते ना, ते त्याच दोऱ्यानं बांधलेत आतून. मनगटावर पुन्हा तुटला असता. आत कधी तुटणार नाही.”

पोरीनं मडमबाई कानाशी धरली, हलवली. आत वजन टकटकलं.

“आईच्या दोऱ्यानं?”

“हो.”

“गाठ सोडलीस?”

“नाही. गाठ आहे तशीच आहे.”

“दुखत नाही ना तिला?”

“नाही गं.”

तेव्हा कुठं तिनं बापाच्या हातातलं केळं घेतलं आणि एक घास खाल्ला. नलवड्यांनी माझ्याकडं बघून हात जोडले. दोन्ही हात, आणि डोळ्यात पाणी. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गाडी हलली. खिडकीत पोर मडमबाईला आडवी करत होती, उभी करत होती, आडवी करत होती.

परत आले ती दुकानाच्या मागच्या खोलीत शिरले. आमच्याकडं कचरा टाकत नाहीत. जुना कापूस, काथ्या, चिंध्या सगळं पोत्यात भरतात, पुन्हा बाहुल्यांच्या पोटात भरायला होतं. मी पोतं फरशीवर उपडं केलं आणि मुठी मुठीनं चाळायला बसले. नाकातोंडात कापूस. अण्णा दारात येऊन उभे राहिले. मी मान वर न करता त्यांना स्टेशनवरचं सगळं सांगितलं, थापेसकट. ते आत आले, धोतर आवरून समोर बसले आणि दुसऱ्या बाजूनं चाळायला लागले.

बाहेर दिवेलागण झाली. बोटभर हिरवं काहीतरी दोनदा सापडलं, दोन्ही वेळा पोपटाच्या शेपटीची लोकर निघाली. पोत्याची एक शिवण उसवलेली होती. तिथून कुठंतरी गळून पडला असेल, झाडूनं गटारात गेला असेल, असं मला वाटायला लागलं होतं.

“हा बघ,” अण्णा म्हणाले.

त्यांनी तो चिमटीत धरून दिव्याखाली नेला. एका जागी कापलेला, गाठ शाबूत. तेवढं तरी मी रीतीनं केलं होतं. अण्णांनी चष्मा पुसून परत लावला.

“ही आपली गाठ नव्हे.”

“माहीत आहे.”

“वेणीच्या रिबिनीला मारतात ती आहे. बायकांची.” त्यांनी ती दिव्याच्या आणखी जवळ नेली. “आश्विनात बाहुली माझ्या हातात होती, शाले. मीपण रंगच बघितला, गाठ नाही बघितली. बघितली असती तर विचारलं असतं, आणि चिठ्ठी लावली असती.”

माझ्यावरचं ओझं थोडं आपल्या अंगावर घेत होते ते. मला आणखीच रडू आलं.

“आता काय करू, अण्णा?”

“पोस्टानं पाठव. आणि खरं लिही.”

“सात वर्षांची आहे हो ती! तिला तेवढाच एक आधार आहे, आईचा दोरा बाहुलीच्या आत आहे म्हणून. तोच काढून घेऊ? नाहीतर असं करू, काही लिहायचंच नाही. राहू दे. तिला कळणार नाही कधी.”

“डोळा एक दिवस अडकणार. तिथला कुणी कारागीर डोकं उघडणार. आत पांढरा दोरा निघणार.” अण्णांनी दोरा माझ्या तळहातावर ठेवला. “तेव्हा तिला काय वाटेल, ते मी नको सांगायला.”

पत्ता डेपोतून मिळाला. कागद चार फाडले. पाचव्यावर मोठ्या अक्षरात, सुटं सुटं लिहिलं. कल्याणी, मी तुझ्याशी खोटं बोलले. तुझ्या आईचा दोरा बाहुलीच्या आत नाही. माझ्या चुकीनं मी तो कापला होता. तो मला सापडला आहे. गाठ सोडलेली नाही. तो तुझा आहे, म्हणून पाठवते. मला माफ कर किंवा नको करू. खाली नाव लिहिलं, दुकानाचा पत्ता लिहिला, आणि दोरा कागदाच्या पुडीत घालून आतून शिवला, निसटू नये म्हणून. रजिस्टर केलं.

मग सुरू झालं वाट बघणं. पोहोच आली, सही मावशीची. त्यानंतर काही नाही. आठवडा गेला, दोन गेले. पोस्टमन आमच्या गल्लीत शिरला की हातातलं काम खाली पडायचं. पोरीनं जेवण सोडलं असेल. बाहुली फेकून दिली असेल. मावशीनं पत्र वाचून चुलीत घातलं असेल, आणि दोराही. हे शेवटचं सगळ्यात वाईट, आणि रोज पहाटे तेच मनात यायचं. आठल्येबाईंच्या बाहुलीला काळे डोळे बसवून द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, काय झालं त्या पोरीचं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मूर्ख आहेस. पण पत्र लिहिलंस ते बरं केलंस.” आणि पुन्हा गुळाचा खडा दिला.

पाडवा झाला. अण्णांनी नवं रीळ काढलं, निळं. मी त्यांच्या कात्रीला हात लावत नव्हते. त्यांनी मागितली तरी मी दुसरीच उचलून द्यायचे.

पाडव्यानंतर पाचव्या दिवशी पोस्टमननं काउंटरवर पार्सल ठेवलं. पांढऱ्या फडक्यात शिवलेलं, लाखेचे ठिपके. वर नागपूर. मला शिवण उसवता येईना, तेव्हा अण्णांनी आपली कात्री पुढं केली.

आत मडमबाई होती.

परत पाठवली. नको म्हणाली. एवढंच मनात आलं, आणि ते खरं वाटून मी मटकन खाली बसले. अण्णांनी तिला उचललं, तेव्हा झग्याला टाचणीनं लावलेला वहीचा कागद दिसला. त्याला माझीच पुडी जोडलेली, आणि पुडीत दोरा. अक्षर पेन्सिलीचं, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरलेलं. अण्णांनी मोठ्यानं वाचलं.

“शालनमावशी, दोरा मिळाला. मी खूप रडले. मग मावशी म्हणाली परत बांधून मागव. आता तू बोललीस तसं कर. मडमबाईच्या डोळ्याला आतून बांध. गाठ सोडू नको. लवकर पाठव. ती नसली की मला झोप येत नाही.”

नागपूर ते मिरज. जी पोर हिच्याशिवाय गाडीत बसत नव्हती, तिनं हिला फडक्यात शिवून माझ्याकडं पाठवली होती. माझ्याकडं.

“बस गादीवर,” अण्णा म्हणाले. “मी सरस ठेवतो.”

“तुम्ही उघडा, अण्णा. रीत आहे.”

“तिनं कुणाचं नाव लिहिलंय, वाच.”

मी हात जोडले. मुंडकं फिरवून काढलं, सरस फोडला, पांढरा दोरा कापून बाजूला टाकला. आईचा दोरा बोटभरच होता, दोन्हीकडं पुरणार नव्हता. म्हणून उजवीकडं पुन्हा पांढराच घेतला आणि डावीकडं तो, गाठ वरच्या बाजूला येईल असा. ढिला घेतला. हे सगळं मग चिठ्ठीत लिहिलं, डावीकडं तुझ्या आईचा आहे आणि उजवीकडं दुकानाचा आहे म्हणून. तेवढंही लपवायची माझी आता छाती नव्हती.

सरस वाळायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी हात लावला नाही. मग डोकं बसवलं, आडवी केली, उभी केली, फडक्यात शिवली आणि पोस्ट बंद व्हायच्या आत खिडकीवर जाऊन उभी राहिले.